कोर्लईच्या लाइटहाऊसवर स्पेशल इव्हेंट स्टेशन लावतोय, बघायला येणाऱ्या लोकांना काय दाखवायचं?

रेवदंडा_विज्ञान
नमस्कार मंडळी. मी रेवदंड्याजवळ हायस्कूलला विज्ञान शिकवते, हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी रेडिओचं, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स आहे, व्हीयू3 ने सुरू होणारी कॉलसाइन (हवेवरची ओळख). आमचा अलिबागकडच्या हॅम लोकांचा छोटा क्लब आहे. ऑगस्टमध्ये जगभरच्या दीपगृहांवरून हॅम स्टेशनं लागतात ना, त्या वीकेंडला कोर्लईच्या लाइटहाऊसशेजारी आपणही स्टेशन लावायचं आणि त्यासाठी स्पेशल कॉलसाइन मागायची असं चाललंय. अँटेना, रिग (रेडिओ संच), बॅटरी सीनियर लोक बघणार आहेत, पब्लिकचं सगळं काम माझ्याकडे आहे. शाळेतली पोरं येतील, पालक येतील, कोर्लईतले कोळी बांधव येतील, शिवाय किल्ला बघायला आलेले पुण्या-मुंबईचे लोक असतीलच.
क्लबात बऱ्याच जणांचं म्हणणं असं की जास्तीत जास्त स्टेशनांशी कॉन्टॅक्ट मारायचे, लॉग (नोंदवही) भरला म्हणजे झालं. मला ते पटत नाही. माणूस पावसात चिखल तुडवत आला आणि त्याला नुसती खरखर आणि कोणीतरी "सीक्यू सीक्यू" (कोणी आहे का, बोला) ओरडतंय एवढंच ऐकू आलं तर तो दहा मिनिटांत परत जाणार आणि पोरांना पुन्हा आणणार नाही. तुम्ही असे कार्यक्रम केलेत तर नेमकं काय दाखवता? पोरांच्या हातात माईक देता येतो का? आणि परवानग्यांना कधीपासून लागावं?

सातमेगाहर्ट्झ_पुणे
मॅडम, तुमचंच बरोबर आहे, क्लबला ठामपणे सांगा. लाइटहाऊस वीकेंड ही मुळात कॉन्टेस्टच नाही. 1998 मध्ये स्कॉटलंडमधल्या एअर गावच्या क्लबने सुरू केला, ऑगस्टचा तिसरा पूर्ण वीकेंड, बक्षीस नाही, नंबर नाही, दीपगृहं आणि हॅम रेडिओ लोकांपर्यंत जावेत एवढाच उद्देश. वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे असते, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होऊन सोमवारी पहाटे साडेपाचला संपतं. स्टेशन टॉवरच्या आत असायलाच पाहिजे असंही नाही, शेजारी मांडव टाकला तरी चालतो, फक्त ज्यांच्या ताब्यात लाइटहाऊस आहे त्यांची परवानगी हवी. तिथलं खातं केंद्राचं आहे, म्हणून तो अर्ज आणि दिल्लीला डब्ल्यूपीसीकडे (वायरलेसच्या परवान्यांचं सरकारी खातं) स्पेशल कॉलसाइनचा अर्ज, दोन्ही आत्ताच टाका, काही महिने हातात ठेवून. कॉलसाइन वेळेत नाही आली तरी स्वतःच्या नेहमीच्या कॉलसाइनवर स्टेशन लावा, येणाऱ्या लोकांना त्याने काही फरक पडत नाही.
माईकचं म्हणाल तर नाही. आपल्याकडे ट्रान्समिट, म्हणजे हवेवर बोलणं, लायसन्सधारकानेच करायचं. पण ऐकायला कोणाची आडकाठी नाही, आणि खरी गंमत ऐकण्यातच आहे. एक रिग फक्त पोरांसाठी ठेवा, पीटीटी (दाबून बोलायचं बटण) काढून ठेवलेला, आणि मोठा डायल त्यांच्या हातात द्या. सिंगल साइडबँडवर (हॅम लोकांची बोलण्याची नेहमीची पद्धत) स्टेशन थोडं बाजूला असलं की आवाज बदकासारखा येतो, काही कळत नाही, मग पोरगं डायल अगदी हळू फिरवतं आणि एका जागी त्या क्वॅक-क्वॅकमधून अचानक नाशिकचा नाहीतर नागपूरचा माणूस स्पष्ट बोलायला लागतो. तेव्हा पोरांची तोंडं बघा. सकाळी 40 मीटर बँडवर (7 मेगाहर्ट्झच्या आसपास) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्ही आकाराची तारेची अँटेना टाका, 7.1 मेगाहर्ट्झला एकूण 20 मीटर तार, म्हणजे दोन्हीकडे साधारण दहा-दहा, मधला खांब फार उंच नको. सिग्नल वर जाऊन खाली येतो त्यामुळे अख्खा महाराष्ट्र ऐकू येतो, आणि पोरांना अनोळखी परदेशी कॉलसाइनपेक्षा मामाच्या गावचा माणूस ऐकण्यात जास्त रस असतो.
आणि एक माणूस असा ठेवा ज्याने दिवसभर रेडिओला हात लावायचा नाही, फक्त लोकांशी बोलायचं. स्पीकरवर काय चाललंय ते तिथल्या तिथे मराठीत सांगायचं. हा माणूस नसेल तर बाकी कितीही केलं तरी पाणी पडलं त्यावर. आणि वीज चमकली की कोॲक्स (अँटेनाची केबल) रिगपासून काढून बाहेर, तिथे अजिबात हयगय नको.

केंटचा_मराठी
मी इंग्लंडमध्ये केंटला राहतो, आमच्याकडे डोव्हरजवळ साऊथ फोरलँडचं लाइटहाऊस आहे. मार्कोनीने 1898 च्या डिसेंबरात तिथून समुद्रातल्या ईस्ट गुडविन नावाच्या लाइटशिपशी वायरलेस जोडला. लाइटशिप म्हणजे जिथे टॉवर बांधता येत नाही अशा ठिकाणी नांगरून ठेवलेलं दिवा असलेलं जहाज. पुढच्या मार्चमध्ये एल्बे नावाचं जहाज गुडविनच्या वाळूत रुतलं तेव्हा त्या लाइटशिपवरून वायरलेसने खबर किनाऱ्यावर आली आणि मदत निघाली. ही गोष्ट कोर्लईत नक्की सांगा, कोळ्यांना यातलं सगळं न समजावता समजेल, समुद्रात अडकलेल्या माणसाची खबर काठावर पोचणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत.
इथे जीबी ने सुरू होणारी स्पेशल कॉलसाइन घेतली तर स्टेशन सामान्य लोकांना बघायला खुलं ठेवावं लागतं, ती अटच असते. मला हे फार आवडतं. बंद खोलीत बसून कॉन्टॅक्ट मारायचे तर रोजची कॉलसाइन आहेच की. इथे पाहुण्यांना लायसन्सवाल्याच्या देखरेखीखाली हवेवर नमस्कार म्हणता येतो, तुमच्याकडे ते जमणार नाही, तर मोर्सचा बझर ठेवा, त्याला लायसन्स लागत नाही कारण हवेवर काहीच जात नाही. प्रत्येक पोराला त्याचं नाव इंग्रजी अक्षरात वाजवायला लावा. रवी असेल तर डि-डा-डिट, डि-डा, डि-डि-डि-डा, डि-डिट. चिठ्ठीवर ठिपके-रेघा लिहून द्या, घरी जाईपर्यंत तोंडाने वाजवत जातात.

मांजराकाठ
मी लातूरकडचा, थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. ऑगस्टमध्ये कोकणात तारा टांगायच्या, पाऊस आडवा येतो, पालक पोरांना पाठवतील का हा विचार करा. तारखा पुष्कळ आहेत. 18 एप्रिल जागतिक हॅम रेडिओ दिन, 1925 ला पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय संघटना झाली त्याचा. ऑक्टोबरात स्काऊटचं जांबोरी ऑन द एअर असतं. 30 नोव्हेंबरला जगदीशचंद्र बोसांची जयंती, त्यांच्या नावाने एयू2जेसीबी ही कॉलसाइन पुण्याकडून बरीच वर्षं हवेवर येते आणि परदेशातले लोक त्या स्टेशनच्या कार्डसाठी (कॉन्टॅक्टची पावती म्हणून येणारं) वाट बघत असतात. बोसांनी 1895 च्या सुमारास कोलकात्यात सगळ्यांसमोर बिनतारी लहरींनी लांबची घंटा वाजवून दाखवली होती, शाळेला यापेक्षा चांगला विषय कुठला?
दुसरं म्हणजे लोक विचारणारच की मोबाईल असताना हे कशाला. त्याला सरळ उत्तर द्या. डिसेंबर 2004 ला हैदराबादच्या एनआयएआर या हॅम रेडिओ संस्थेची टीम भारती प्रसाद यांच्यासोबत अंदमानात पोर्ट ब्लेअरला होती, व्हीयू4आरबीआय कॉलसाइन, जगभरचे हॅम ते दुर्मिळ स्टेशन पकडायला धडपडत होते. 26 तारखेला भूकंप आणि सुनामी आली, फोन बंद, आणि त्याच रिगवरून, त्याच अँटेनावरून लोकांच्या खुशालीचे निरोप जायला लागले. म्हणजे एक स्पेशल स्टेशनच होतं ते, हौसेसाठी गेलेलं. आमच्या भागात किल्लारीचा 1993 चा भूकंप ज्यांनी पाहिलाय त्यांना हे एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा प्रश्न येत नाही.

सातमेगाहर्ट्झ_पुणे
@मांजराकाठ अंदमानचा मुद्दा एक नंबर. पण तारीख बदलू नये असं मला वाटतं. त्या वीकेंडला जगभर शेकडो दीपगृहांवरून लोक बोलत असतात, कोर्लईच्या पोरांना तिकडचं दुसरं दीपगृह स्पीकरवर ऐकू येईल, ते एप्रिलमध्ये कुठून मिळणार. खंदेरी बेटावरच्या दीपगृहाला पावसाळ्यात होडीच जात नाही, पण कोर्लई जमिनीवर आहे, गाडी जवळपर्यंत जाते. पत्र्याची शेड किंवा पक्की ताडपत्री बघा, बस.

चौलकर
एक सुचवू का, हॅममधलं मला फार कळत नाही, धाकटा भाऊ लायसन्सवाला आहे, पण कोर्लई मला घरासारखी माहीत आहे. गावातल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात, नॉ लिंग म्हणतात तिला, पोर्तुगीज गेले 1740 च्या आसपास पण घराघरांत भाषा राहिली. तुमच्या रेडिओवर पोर्तुगालचा नाहीतर ब्राझीलचा माणूस लागत असेल तर त्या वेळेला वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलवा ना! त्यांना किती कळतं, काय ओळखीचं वाटतं, हे त्यांनाच सांगू दे. म्हणजे ते नुसते बघे राहणार नाहीत, तुमच्या ऑपरेटरलाच त्यांना विचारावं लागेल.

रेवदंडा_विज्ञान
चौलकर, हे वाचून मी लगेच वस्तीतल्या ओळखीच्या बाईंना फोन लावला! त्या म्हणाल्या वेळ सांग, दोघी-तिघींना घेऊन येते. आता युरोप नक्की कधी लागतो तेवढं सांगा कोणीतरी.
बाकी असं ठरवतेय. तारीख ऑगस्टचीच. एक रिग कामाची, एक ऐकायची, बझरचं टेबल वेगळं आणि तिथे नववीच्या मुली, मोर्स त्यांना आत्तापासून शिकवते. दीपगृहाचा दिवा आणि कॉलसाइन दोन्ही एकत्र सांगायचं पण डोक्यात आहे, कारण प्रत्येक दीपगृहाची लुकलुकायची लय वेगळी असते आणि खलाशी त्यावरून ओळखतो की आपण कुठल्या दीपगृहासमोर आहोत, कॉलसाइनचं कामही तेच. आलेल्या प्रत्येकाला क्यूएसएल कार्ड (कॉन्टॅक्टची पावती) द्यायचं का, की फक्त कॉन्टॅक्ट झालेल्या स्टेशनांनाच?

सातमेगाहर्ट्झ_पुणे
15 मीटर, म्हणजे 21 मेगाहर्ट्झ, दुपारी चारनंतर बघा, पोर्तुगालची स्टेशनं सीटी ने सुरू होतात. लागलं नाही तर संध्याकाळी 20 मीटर. ब्राझीलचा भरवसा देत नाही. वस्तीतल्या बायकांना चार ते सहा बोलवा आणि त्या दोन तासांत ऑपरेटरला दुसरं काही करू देऊ नका. जमलं तर आधीच एखाद्या पोर्तुगीज हॅमला ईमेल टाकून वेळ आणि फ्रिक्वेन्सी ठरवून ठेवा, स्केड ठरलेला असला की नशिबावर राहत नाही, आणि कोर्लईची गोष्ट ऐकली तर तो माणूस उलट आनंदाने तयार होईल.
कार्डं दोन प्रकारची छापा. कॉन्टॅक्टवाल्यांना नेहमीचं, त्यावर तारीख, यूटीसी वेळ, बँड, सिग्नलचा रिपोर्ट. पाहुण्यांना तेच चित्र पण मागे "मी कोर्लईहून ऐकलं" आणि खाली रिकामी ओळ, तिथे त्यांनी जे स्टेशन ऐकलं त्याची कॉलसाइन स्वतःच्या हाताने लिहायची. चित्रासाठी मुलींकडून लाइटहाऊसचं रेखाचित्र काढून घ्या, छापायला जुलै उजाडू देऊ नका.