मदत हवी आहे: रोमन लेजियनच्या गटात पहिलंच शिबिर, तयारी काय करू?

फ्रँकफुर्टजवळ राहतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं रोमन सैन्य उभं करणाऱ्या एका हौशी गटात उमेदवार म्हणून जायचं ठरतंय. पुढच्या जूनमध्ये दोन रात्री तंबूत मुक्काम आहे. जाणकारांनी सांगावं:

१. चिलखत आणि शिरस्त्राण भारतात स्वस्त मिळतं म्हणे. डिसेंबरात घरी येणार आहे, तेव्हाच घेऊन टाकू का?
२. ट्युनिक (रोमनांचा सैलसर अंगरखा) घरी शिवता येईल का? कापड किती लागेल?
३. कोल्हापुरी चालेल का? (हसू नका.)
४. मी शाकाहारी, अंडं खातो. खायचं काय?
५. पूजाअर्चा असते का, आणि तीत भाग घ्यावा लागतो का?

खडूस_लोहार

१ चं उत्तर: नको. आधी गटाला विचारा, 'तुम्ही कुठलं साल दाखवता?' पट्ट्यांच्या चिलखतात दुकानदार डोळे मिटून जो नमुना विकतात, तो इंग्लंडात कॉर्ब्रिजला १९६४ साली सापडलेल्या पेटीतल्या चिलखतांवरून घेतलेला आहे. तुमचा गट इ.स. ९ च्या, जर्मनीतल्या रोमन सेनापती वारुसच्या पराभवाचा काळ दाखवत असेल, तर त्याला जर्मनीत काल्क्रीझच्या उत्खननात मिळालेला नमुना लागतो. बिजागऱ्या आणि बांधणी दोन्ही वेगळं. म्हणजे पैसे गेले आणि रांगेत उभंही करणार नाहीत.

जगभर विकलं जाणारं बरंचसं स्वस्त चिलखत उत्तर भारतात बनतं हे खरं. त्यातलं काही चांगलंही असतं, पण ते ठोकळ मापाचं असतं. या चिलखताचा सगळा डोलारा आतल्या चामड्याच्या पट्ट्यांवर लटकलेला असतो. पट्टा मऊ असला की तो ताणतो, पत्रे खाली घसरतात आणि सगळं वजन खांद्याच्या हाडावर येतं. खांद्याखाली जाड लोकरीचं अस्तर घातल्याशिवाय तासभरही निघत नाही. घ्यायची वेळ येईल तेव्हा दीर्घ श्वास घेऊन आणि हात वर करून बघा. शिरस्त्राणाचा पत्रा १.२ मिमीपेक्षा पातळ नको. चकचकीत स्टेनलेस तर नकोच.

नवख्याला पहिल्या मोसमात बहुतेक गट स्वतःकडचं चिलखत वापरायला देतात. तुम्ही आधी ट्युनिक, पादत्राण, साधा चामडी पट्टा, लोकरीचा झगा, लाकडी वाडगा आणि चमचा एवढंच जमवा.

दोरा_कात्री

ट्युनिक म्हणजे दोन आयत, बस. कापड शंभर टक्के लोकर, वजन चौरस मीटरला २५० ते ३०० ग्रॅम. १५० सेमी पन्ह्याचं अडीच मीटर घ्या आणि कापण्याआधी कोमट पाण्यातून काढून वाळवा. हे टाळलं तर पहिल्या पावसात ट्युनिक गुडघ्याच्या वर चढते.

उंची १७० सेमी धरून १०५ सेमी रुंद आणि ११० सेमी लांब असे दोन तुकडे. खांद्यावर मध्ये ३० ते ३५ सेमी गळ्यासाठी उघडं सोडून दोन्ही बाजू जोडा. कडेला वरून २५ सेमी हातासाठी सोडा, खाली शिवत जा. गळ्याला गोल काप द्यायचा नाही, बाही लावायची नाही. रुंदीच कोपरापर्यंत उतरते आणि बाहीसारखी दिसते. पट्टा बांधून कापड वर ओढायचं म्हणजे घेर चुण्यांत बसतो आणि खालची कड गुडघ्याशी येते.

सगळे चुकतात ते इथे: शर्टाच्या सवयीने अंगाबरोबर शिवतात. इजिप्तमधल्या इ.स. १३८ च्या एका पपायरसवर सैन्यासाठी मागवलेल्या ट्युनिकचं माप आहे. साडेतीन हात लांब, तीन हात चार बोटं रुंद. म्हणजे साधारण १५५ बाय १४० सेमी! त्यापुढे आपली १०५ कंजूषच म्हणायची. आतल्या शिवणी मशीनवर मारा, दिसणाऱ्या कडा मात्र हाताने तुरपा.

रंगावरून गटागटांत भांडणं आहेत. पांढरा किंवा मंजिष्ठेचा विटकरी, जो तुमचा गट म्हणेल तो.

टाचेचा_खिळा

कोल्हापुरी नाही चालणार. अंगठ्यात अडकवायची चप्पल रोमनांकडे होती, इंग्लंडातल्या व्हिंडोलंडा या रोमन छावणीत बाईची एक सुंदर मिळाली आहे. पण ती घरात घालायची. सैनिकाच्या कालिगाचा (तळाला खिळे असलेल्या पादत्राणाचा) वरचा भाग एकाच चामड्यातून जाळीसारखा कापलेला असतो. तो आतल्या आणि बाहेरच्या तळाच्या मधे धरून तिन्ही थर खिळ्यांनी ठोकतात, खिळ्याचं टोक आत वळवतात. टोक नीट वळलं नसेल तर ते पायाला कळतंच.

झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं घ्या, वर अडीच ते तीन मिमी, तळ पाच मिमी. क्रोमच्या क्षाराने कमावलेलं चामडं पायाचा आकार धरत नाही. नवीन जोड पाण्यात भिजवून पायात घाला, वाळेपर्यंत चाला, मग तेल द्या. हे शिबिराच्या आधी काही आठवडे उरका. पायाला फोड आलेला माणूस कवायतीच्या कामाचा राहत नाही. लोकरीचे मोजे खुशाल घाला. व्हिंडोलंडाच्या एका पत्रात मोजे आणि आतले कपडे पाठवल्याची नोंद आहे, त्यामुळे कुणी टोकलं तर हेच सांगा.

फरशीवर सांभाळून. जेरुसलेमच्या वेढ्यात एक शूर सेंचुरियन (रोमन सैन्यातला अधिकारी) मंदिराच्या फरसबंदीवर खिळ्यांमुळेच घसरला आणि मारला गेला, असं त्या काळचा इतिहासकार जोसेफस लिहितो. वस्तुसंग्रहालयात तर फरशीसाठी आधी परवानगी लागते.

चुलीपाशी

४ ची काळजीच सोडा. आठ जणांचा एक तंबू, त्याची एक चूल, आणि मुख्य अन्न धान्य. बटाटा, टोमॅटो, मिरची, मका बाद, कारण ते सगळं अमेरिकेतून नंतर आलं. चहाही बाद. मसूर, हरभरा, जव, लसूण, कांदा, कोबी, धने, जिरे, मिरी चालतं. हिंगसुद्धा! सिल्फियम ही मसाल्याची वनस्पती संपल्यावर रोमन स्वयंपाकी इराणकडचा हिंगच वापरत.

धान्य म्हणजे मुख्यतः एमर, आपला खपली गहू. डिसेंबरात सातारा-सांगलीकडून खपलीचा जाड रवा घेऊन या, चिलखतापेक्षा तो आणणं शहाणपणाचं. रोमन लेखक केटोची 'प्यूनिक लापशी' आपल्या मापात अशी: ३३० ग्रॅम रवा भिजवून, एक किलो ताजं चीज, १६५ ग्रॅम मध, एक अंडं. सगळं कालवून नव्या मडक्यात मंद शिजवायचं. चार-पाच जणांचं पोट भरतं. चीज तळाला लागतं, म्हणून ढवळत राहा. मडकं ज्वाळेवर ठेवू नका, निखाऱ्यांच्या कडेला ठेवून हळूहळू आत सरकवा. तापलेल्या मडक्यात गार पाणी ओतलं की तडा गेलाच. रवा रात्रभर भिजवला नाही तर तास-दीड तास चुलीपाशी बसावं लागेल.

चीजमधलं रेनेट (वासराच्या जठरातून काढलेलं, दूध गोठवणारं द्रव्य) चालत नसेल तर घरी पनीर करा. दूध गोठवायला करडईचं बी आणि अंजिराचा चीकही चालतो असं शेतीवर लिहिणारा रोमन लेखक कोलुमेला लिहितो, त्यामुळे वनस्पतीने गोठवलेलं चीज अस्सलच.

पडवीतला

पूजेचं. सैन्याच्या गटांत बहुधा प्रेक्षकांसाठी विधी दाखवतात: डोक्यावर वस्त्र घेऊन धूप आणि वाइन अर्पण. तुम्ही मागे शांत उभे राहिलात तरी चालतं. काही संस्थांत मात्र धर्म हाच गाभा आहे. १९९८ साली अमेरिकेत निघालेल्या नोव्हा रोमाचे सदस्य रोमन नावं घेतात, कॉन्सुल (रोमचे सर्वोच्च अधिकारी) निवडतात आणि देवपूजाही गांभीर्याने करतात. तो वेगळा मामला. कोणत्या प्रकारात जाताय ते आधी विचारून घ्या.

दुसरं, न विचारलेलं पण महत्त्वाचं. सिनेमातला हात ताठ पुढे करून केलेला 'रोमन सलाम' विसरा. प्राचीन पुराव्यात तो तसा सापडत नाही, आणि जर्मनीत फोटोसाठी गंमत म्हणून केलात तरी फौजदारी गुन्हा ठरू शकतो. रोमची हौस काही उजव्या कट्टर मंडळींनाही असते. गटाची लेखी नियमावली मागा. ती दाखवायला कां-कूं झाली तर दुसरा गट शोधा.

धागाकर्ता

सर्वांचे आभार, चिलखत रद्द! दोन शंका राहिल्या. चष्मा आहे, नंबर मोठा. आणि गटाने बोथट ग्लाडियस (रोमन आखूड तलवार) सरावाला घरी नेऊ दिली तर लोकल ट्रेनने नेता येईल का?

खडूस_लोहार

चष्म्याला लेन्स हा उपाय. त्या जमत नसतील तर कवायतीत चष्मा घाला आणि प्रेक्षकांसमोर काढा. न दिसता पिलम (फेकायचा भाला) फेकू नका, एवढं कुठलाही गट ऐकेल.

तलवार बोथट असली तरी कमरेला किंवा उघडी नेऊ नका. जर्मन कायद्यात असं शस्त्र सार्वजनिक जागी जवळ बाळगायला बंदी आहे, कुलूपबंद पेटीतून वाहतूक चालते. नुसती चेन असलेली पिशवी पुरत नाही, चेनला छोटं कुलूप घाला. सोबत गटाचं पत्र ठेवा. सणाच्या गर्दीच्या दिवशी तर तलवार गटाच्या गाडीतूनच जाऊ द्या.