औष्णिक नॉइज रेझिस्टरच्या जातीवर ठरत नाही

मेटल फिल्म (धातूच्या पातळ थराचे) रेझिस्टर लावले की औष्णिक नॉइज, म्हणजे उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन हलत राहिल्याने रेझिस्टरमध्ये उमटणारा विद्युत गोंधळ, कमी होतो, हे तुमचं म्हणणं पटलं नाही. त्यांनी कमी होतो तो प्रवाह वाहताना येणारा जादा नॉइज. औष्णिक नॉइज पदार्थावर अवलंबून नसतो, हे बेल लॅब्जचे भौतिकशास्त्रज्ञ जॉन्सन यांनी 1928 सालीच मोजून दाखवलं. रोध, तापमान आणि बँडविड्थ (मोजणीत येणाऱ्या वारंवारतांचा पट्टा) यांवरच तो ठरतो, बस्स. 300 केल्व्हिनला 10 किलोओहमचा रेझिस्टर 10 किलोहर्ट्झ बँडविड्थमध्ये सुमारे 1.3 मायक्रोव्होल्ट आरएमएस (एक प्रकारची सरासरी) नॉइज देणारच, मग तो कितीही महाग असो. थंड करूनही फारसं साधत नाही, कारण नॉइज तापमानाच्या आणि रोधाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो: 150 केल्व्हिनवर नेलं तरी घट तीसेक टक्केच. त्यापेक्षा ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकचे, म्हणजे सिग्नल किती वाढेल हे ठरवणारे, दोन्ही रोध दहापट लहान घ्या (ऑप-अँपला तेवढा भार झेपत असेल तर), त्यांचा नॉइज तिपटीहून जास्त उतरेल.