प्रभूने मुक्त केलंय हे मानते, पण आतून मोकळं का वाटत नाही?

मोहरीचा_दाणा:
सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. माझा बाप्तिस्मा होऊन 11 वर्षं झाली, वचन रोज वाचते, उपासना सहसा चुकत नाही, आणि बायबलमधलं योहान 8:36 तर पाठ आहे, की पुत्राने मुक्त केलं तर तुम्ही खरोखर मुक्त व्हाल. पण खरं सांगू का, मला मुक्त वाटतच नाही. एखाद्या सकाळी प्रार्थना राहिली की दिवसभर धाकधूक, आज काहीतरी वाईट होणार, आणि मग काही छोटंसं जरी बिघडलं तरी मनात तेच की बघ, म्हणून झालं. चार वर्षांपूर्वी बहिणीला मी फार लागेल असं बोलले होते, तिची माफी मागितली, तिने मनापासून माफ पण केलं, तरी देवापुढे ते पाप मी अजून कबूल करतेय कारण दरवेळी वाटतं मागच्या वेळी नीट पश्चात्ताप केला नव्हता. विश्वासात नव्हते तेव्हा मी इतकी घाबरत नव्हते हो. मग हे स्वातंत्र्य म्हणजे नक्की काय? की माझं तारणच, म्हणजे पापातून सुटकाच, झालेली नाही?

ओंजळभर:
ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं बोलते. गलतीकरांस पत्र 5:1 मध्ये प्रेषित पौल म्हणतो की ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलंय तर पुन्हा गुलामगिरीच्या जुवाखाली जाऊ नका, आणि हे तो कोणाला लिहितोय बघा, विश्वास ठेवलेल्या, आत्मा मिळालेल्या माणसांना. त्यांना कोणीतरी सांगत होतं की नुसता ख्रिस्त पुरत नाही, सुंता करा, अमुक दिवस पाळा, अमुक महिने पाळा. म्हणजे तारण झालेला माणूस परत जुवाखाली जाऊ शकतो, नाहीतर पौलाला ते सांगायची गरजच पडली नसती. तेव्हा भीती वाटते म्हणून तारण नाही असं धरू नका.

आता तुमच्या त्या सकाळच्या प्रार्थनेबद्दल. लूक 15 मधल्या गोष्टीतला, बापाचा पैसा उधळून घरी परत येणारा धाकटा मुलगा सगळ्यांच्या लक्षात राहतो पण तुम्ही थोरल्याकडे बघा. तो घर सोडून कुठे गेला नाही, एक आज्ञा मोडली नाही, आणि बापाला म्हणतो काय, तर इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय. ग्रीकमध्ये तिथे गुलामासारखं राबण्याचाच शब्द आहे. राहतो मुलगा म्हणून, जगतो गड्यासारखा. आणि धाकटा तरी काय ठरवून आला होता, मला मोलकऱ्यासारखं ठेवा असं म्हणायचं, पण ते वाक्य त्याच्या तोंडून निघायच्या आत बाप झगा आणा, अंगठी आणा सुरू करतो. ते वाक्य त्याला पूर्ण करूच दिलेलं नाही! मी हे कितीदा वाचलं होतं पण ज्या दिवशी हे दिसलं त्या दिवशी मी रडले. तुमची प्रार्थना मला हजेरी लावल्यासारखी वाटतेय, लावली नाही तर पगार कापणार. बापाच्या घरात लेकरांची हजेरी घेत नाहीत.

वाटेवरचा:
ओंजळभर ताईंचं पटतं, तरी एक सांगावंसं वाटतं. मी उलट्या बाजूने आलोय. मी कृपा कृपा म्हणत जे वाटेल ते केलं, उपासना सोडली, दारू चालू ठेवली, कोणी टोकलं की म्हणायचो तुम्ही नियमशास्त्राखाली, म्हणजे अजून जुन्या नियमांच्या बंधनात, आहात. मला वाटायचं मी स्वतंत्र आहे आणि प्रत्यक्षात संध्याकाळी सात वाजले की हात थरथरायचे. योहान 8 मध्येच 36 च्या आधी 34 आहे, जो पाप करतो तो पापाचा दास. मला मोकळं केलं ते एका वडीलधाऱ्या भावापुढे सगळं खरं खरं बोलण्याने, आणि अजून दर आठवड्याला बोलतो. गलती 5:13 मध्ये पण तेच, स्वातंत्र्य देहाला मोकळीक द्यायला नाही, प्रेमाने एकमेकांची सेवा करायला आहे. ताईंना हे लागू नाही कदाचित, पण वाचणारे बाकीचे पण असतात म्हणून लिहिलं.

मेणबत्ती_77:
मी कॅथलिक आहे, चालेल ना इथे 🙂 तुमचं वाचून मला आमच्या जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला आठवले. 1522 मध्ये त्यांनी तीन दिवस लावून आयुष्यभराचं पापनिवेदन केलं, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली दिली, आणि त्यानंतर स्पेनमधल्या मान्रेसा गावी राहत असताना तरी हाच त्रास सुरू, हे सांगायचं राहिलं, ते नीट सांगितलं नाही, परत परत पापनिवेदन, इतकं की जीव द्यावासा वाटायला लागला. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की ही टोचणी आपल्याला देवाकडे नेतच नाहीये, आणि त्यांनी ठरवलं की जुनी पापं आता परत कबूल करायची नाहीत. आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे, त्याच्या थोडंसंच आधी दुसरीकडे मार्टिन लूथर, ज्यांच्यापासून पुढे प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला, मठात असताना तासन्तास पापनिवेदन करायचे आणि तरी त्यांना शांती नव्हती. पुढे दोघांच्या वाटा किती वेगळ्या झाल्या, पण दुखणं एकच. लूथरनी 1520 मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिताना म्हटलं की तो सगळ्यांपासून मोकळा आहे, कोणाचा दास नाही, आणि तरी प्रेमाने सगळ्यांचा सेवक आहे.

अशा टोचणीला आमच्याकडे स्क्रूपल्स म्हणतात, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ टोकदार बारीक खडा, चपलेत गेल्यासारखा. आणि ताई, राग मानू नका, कधी कधी हा ओसीडीचा, म्हणजे तेच विचार आणि तीच कृती परत परत करायला लावणाऱ्या मानसिक आजाराचा, प्रकार पण असतो. कबूल केलं की थोडा वेळ बरं वाटतं, परत शंका येते, परत कबूल करावंसं वाटतं, आणि जितक्यांदा कराल तितकं ते घट्ट होतं. फारच पकडत असेल तर समुपदेशकाला भेटा, त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

मोहरीचा_दाणा:
सगळ्यांचे मनापासून आभार, चपलेतला खडा वाचून थांबलेच, अगदी तसंच आहे ते. पण एक विचारू? आज मी ते बहिणीचं पाप कबूल न करता झोपले आणि ते खरंच माफ झालेलं नसेल तर?

ओंजळभर:
1 योहान 1:9 बघा ताई, पापं कबूल केली तर क्षमा करायला तो विश्वासू आणि न्यायी आहे. तुमचा पश्चात्ताप किती खोल होता हे तिथे मोजलेलंच नाही, विश्वासू तो आहे. आणि त्याच पत्रात 3:20, आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे. आज रात्री ती कबुली तोंडाशी आली ना, की तिच्या जागी फक्त आभार माना, प्रभू तू हे मिटवलंस, बस. पहिल्या रात्री भीती वाटेल, वाटू दे, उठून परत कबूल करायला जाऊ नका. आणि जमलं तर उद्या बहिणीला फोन करा, माफी मागायला नाही, नुसतं बोलायला.

मोहरीचा_दाणा:
करते. चार वर्षांत तिच्याशी नुसतं बोलायला म्हणून मी एकदाही फोन केलेला नाहीये, हे आत्ता लिहिताना कळतंय.