बाग आडवी झाली, आता कानबाईपुढे कशी बसू?

रावेरची सून: जूनच्या वादळात निसवणीतली, म्हणजे घड बाहेर पडतानाची, केळी पार झोपली. घड अजून कोवळे, व्यापारी बघायलाही आला नाही. वर पीककर्ज. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसवायची, सासूबाईंनी नारळ, नथ काढून ठेवलीय. माझे हातच जोडले जात नाहीत. अशा वेळी देवावर भरवसा कसा ठेवता तुम्ही?

धुळ्याची मावशी: रडू नको माय. हात नाही जुळले तर रोटाचं, तिच्या नैवेद्याचं, गव्हाचं पीठ मळ, तीही सेवाच. आमचे हे गेले त्या वर्षी मी कानबाईला तोंडावर बोलले, भांडले. सोमवारी विसर्जनाला मात्र नदीवर गेले. आईशी भांडतोच ना आपण? आणि रोट संपेपर्यंत भाऊबंद घरात असतात, एकटं रडायची सोय नसते. मला तर तिनेच तारलं.

केळीवाला: ताई, श्रद्धेचं मावशी सांगतील. विमा कंपनीला 72 तासांत कळवलं होतं ना? पंचनाम्याची प्रत तलाठ्याकडून घ्या.

रावेरची सून: कळवलं होतं. प्रत उद्या आणते. मावशी, पीठ चाळणीचं की बिनचाळणीचं?