मदत हवी आहे: १९९८ ची मारुती ८००, गरम झाली की स्लोवर (रेस न देता इंजिन चालू असताना) थरथरते आणि सिग्नलला बंद पडते

अमळनेरकर

नमस्कार मंडळी. गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग), एसी नाही. वडिलांनी नवी घेतली होती, घरातली पहिली चारचाकी. आईला दर महिन्याला धरणगाव-पाळधीमार्गे जळगावला डॉक्टरांकडे न्यावं लागतं, त्यासाठी हीच गाडी. विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे, तेव्हा कृपया 'नवीन घ्या' असं सुचवू नका.

लक्षणं सविस्तर लिहितो, गॅरेजमध्ये ती ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो.

सकाळी चोक ओढला की एका सेल्फमध्ये चालू होते. इंजिन गरम झालं, चोक आत ढकलला, की थरथर सुरू. गिअरचा दांडा हातात नाचतो, आरशात मागचं काही धड दिसत नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला तर फटके सारखे बसत नाहीत, मधूनच एक चुकतो. रेस दिली की लगेच सुरळीत. ४० च्या वर तर काही तक्रारच नाही. पण क्लच दाबून थांबलं की स्लो खाली जातो, वर येतो, परत खाली जातो आणि इंजिन बंद. जळगावच्या आकाशवाणी चौकात हे झालं की मागून हॉर्न सुरू होतात आणि आई घाबरीघुबरी होते. एक गोष्ट मात्र लक्षात आली आहे: चोक पाव भाग ओढून ठेवला तर स्लो बऱ्यापैकी टिकतो.

आतापर्यंत प्लग, पॉइंट, कंडेन्सर, एअर फिल्टर आणि पेट्रोल फिल्टर नवे टाकले. कार्ब्युरेटर खोलून धुतला, जेटमधून हवा मारली. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. मिस्त्रींनी स्लोचा स्क्रू आवळून रेस वाढवून दिली. त्याने बंद पडणं कमी झालं, पण आता पहिल्या गिअरला गाडी उडी मारते आणि पेट्रोल जास्त खाते. शेवटी म्हणाले, नवा कार्ब्युरेटर टाका, नाहीतर भंगारात द्या.

त्यात पीयूसीलाही नापास. स्लिपवर सीओ ०.३ टक्के आणि एचसी १९००. तिथल्या माणसाने सांगितलं, इंजिन उतरलंय, रिंगा गेल्यात. पण धूर नाही, ऑइल कमी होत नाही. इंजिन खोलायचा खर्च करायच्या आधी जाणकारांचं मत हवं आहे.

हतनूर

भाऊ, एक विचारू का? उन्हात उभी करून दहा-पंधरा मिनिटांनी चालू करताना त्रास होतो का? आमच्या भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल गरम होऊन उकळतं आणि गाडी सेल्फ खात बसते. तसं असेल तर दुखणं वेगळं.

अमळनेरकर

नाही दादा. पहाटे पाचला निघालो तरी गरम झाली की थरथर होतेच. उभी राहून चालू व्हायला काही त्रास नाही.

शिरपूरवाला

पेट्रोल हेही एक कारण असू शकतं. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि डायफ्रॅम (पातळ रबरी पडदे) त्याने फुगतात, नाहीतर कडक होऊन तडकतात. माझ्या जुन्या व्हॅनचा पेट्रोल पाइप असाच क्लिपपाशी फाटला होता. बॉनेट उघडून एकेक पाइप वाकवून बघा.

डेल्को

माझं धुळ्यात गॅरेज होतं, आता मुलगा बघतो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत आयुष्य गेलं, म्हणून जरा लांबण लावतो.

इंजिन खोलू नका. तुमच्या स्लिपवरच निम्मं निदान लिहिलेलं आहे. लोक फक्त पास की नापास एवढंच बघतात आणि कागद फेकून देतात, फार वाईट वाटतं. सीओ म्हणजे अर्धवट जळालेलं पेट्रोल, एचसी म्हणजे मुळीच न जळालेलं. पेट्रोल जास्त जात असतं तर सीओ चढला असता. तुमच्या वयाच्या गाडीला ३ टक्क्यांपर्यंत सूट आहे आणि तुमचा आहे ०.३. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. इतकं पातळ मिश्रण प्रत्येक वेळी पेट घेत नाही. ज्या वेळी घेत नाही त्या वेळी ते तसंच सायलेन्सरमधून बाहेर पडतं, म्हणून एचसी १५०० ची मर्यादा ओलांडून १९०० वर गेला. तळहाताला चुकलेला फटका लागतो तो हाच. आणि चोक ओढला की बरं वाटतं, यावरूनही तेच सिद्ध होतं, कारण चोक हवा अडवतो.

आता प्रश्न एवढाच, की पेट्रोल कमी येतंय की हवा जास्त शिरतेय. स्लो जेट तुंबलेला असता तर धुतल्यावर फरक टिकला असता. तरी एक खात्री करा. इंजिन बंद ठेवून चावी ऑन-ऑफ करा, कार्ब्युरेटरच्या सोलेनॉइडमधून (विजेवर उघडणारी छोटी झडप) 'टक' असा आवाज यायला हवा. तो मेला की स्लोचं पेट्रोलच बंद होतं.

आवाज येत असेल तर हवा शोधा. स्लोवर बटरफ्लाय (कार्ब्युरेटरमधली झडप) जवळपास बंद असते आणि खाली मॅनिफोल्डमध्ये (मिश्रण इंजिनात नेणारी नळी) जोरदार ओढ असते. कुठे केसाएवढी फट असली तरी तिथून हवा आत खेचली जाते. वेगात मुळातच भरपूर हवा जात असते, त्यात ही एवढीशी हवा जाणवत नाही. म्हणून ४० च्या वर तुमची तक्रार संपते.

शोधायची रीत: गाडी गरम करून स्लोवर ठेवा. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये साधं पाणी घ्या आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी, जिथे तो मॅनिफोल्डवर बसतो, तिथे थेंब थेंब सोडत चारही बाजूंनी फिरा. फटीवर पाणी पडलं की ती क्षणभर बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. डेल्कोवर (प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) पाणी उडू देऊ नका. काही जण यासाठी पेट्रोल मारतात. गरम इंजिनावर ते कधीच करू नका, आग लागते. मग डेल्कोकडे जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी कार्ब्युरेटरच्या बाजूने काढून तोंड बोटाने बंद करा, स्लो सुधारला तर नळी किंवा डेल्कोचा डायफ्रॅम गेलाय. ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर नेणारा) पाइप पकडीने दाबूनही बघा.

एक-एक प्लगची वायर काढूनही पाहा, पण उघड्या हाताने नको, झटका जोराचा असतो. तिन्ही वायरी काढताना इंजिन सारखंच पडत (मंदावत) असेल तर दोष सगळ्या सिलिंडरला मिळून आहे. एकाच वायरीला फरक पडत नसेल तर त्या सिलिंडरचा प्लग, वायर, टॅपेट (व्हॉल्व्हची फट जुळवायचा भाग) बघायचं.

अमळनेरकर

काका, मनापासून आभार. आज सुट्टी होती, सगळं करून पाहिलं.

सोलेनॉइड 'टक' वाजतो. तिन्ही वायरींना इंजिन जवळपास सारखंच पडतं. व्हॅक्यूम नळीचं टोक चिरलेलं निघालं, तेवढं कापून परत बसवली, थोडा फरक पडला. आणि पाणी! फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधली भिंत) बाजूच्या नटाखाली थेंब सोडला तर तो आत ओढला गेल्यासारखा गायब झाला आणि इंजिन एकदम गुळगुळीत चाललं, दोन-तीन सेकंद. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. आईला बोलावून दाखवलं.

आता पुढे काय? नुसता नट आवळू का?

डेल्को

आवळू नका! बहुतेक त्यानेच हे झालंय. प्रत्येक वेळी खोलून बसवताना कुणीतरी जोर लावतं आणि कार्ब्युरेटरचं बूड कोपऱ्यात वाकतं. ॲल्युमिनियम मऊ असतं.

कार्ब्युरेटर उतरवा. खाली काळा जाड इन्सुलेटर आहे, मॅनिफोल्डची उष्णता वर जाऊ नये म्हणून दिलेला. त्याला तडा आहे का बघा. त्याच्या वरची आणि खालची, दोन्ही पॅकिंग नवी टाका. जुनी परत वापरली म्हणूनच धुतल्यावर फरक टिकला नसावा. बुडावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. पट्टीखालून उजेड दिसला तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून बूड हलक्या हाताने घासून सपाट करा. नट थोडे थोडे, आलटूनपालटून आवळा.

मग वाढवलेली रेस उतरवा. गरम इंजिनावर स्लो साधारण मिनिटाला ८५० ते ९०० फेऱ्यांवर आणा. मिक्स्चरचा स्क्रू हळूहळू फिरवत जिथे इंजिन सगळ्यात जोरात आणि एकसारखं चालेल तिथे थांबा आणि स्लो परत खाली घ्या. शेवटचा हात पीयूसीच्या मशीनवर फिरवा, सीओ १ ते २ च्या दरम्यान ठेवा. शिरपूरवाले भाऊ म्हणतात ते इथेही लागू आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. १ भाग साध्या पेट्रोलला हवा लागते १४.७ भाग, तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीत सेन्सर हे सांभाळून घेतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, त्यामुळे जुन्या सेटिंगवर गाडी आपोआप पातळ चालते. स्क्रू पूर्वीपेक्षा किंचित जास्त उघडा लागेल.

शिरपूरवाला

पॅकिंग घेताना जुना इन्सुलेटर सोबत न्या. भोकं जुळवूनच घ्या.

अमळनेरकर

झालं. इन्सुलेटर शाबूत होता, खालचं पॅकिंग मात्र एका कोपऱ्यात पार खाल्लेलं. बूडही त्याच कोपऱ्यात वाकलेलं होतं, काचेवर घासलं. व्हॅक्यूम नळी पूर्ण नवी टाकली. पीयूसी केंद्रावर मशीन लावून मिक्स्चर जुळवलं: सीओ १.४, एचसी ३६०. पास. काल आईला जळगावला नेऊन आणलं, चोकला हात लावावा लागला नाही.

डेल्को काका, टॅपेट बरेच दिवसांत पाहिलेले नाहीत. ते थंड इंजिनावर बघायचे की गरम?

डेल्को

रात्रभर उभी राहिलेली गाडी घ्या, थंडच. जास्त आवळू नका, जरा आवाज आला तरी चालेल. एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट राहिला की व्हॉल्व्ह जळतो.