फरशीच्या घरात व्हॅक्युम क्लीनर हवाच कशाला? (‘केरसुणी बस्स’ म्हणणाऱ्यांना उत्तर)

खिडकीपाशी

काल एका ताईंनी साधं विचारलं होतं: सहा-सात हजारांत घरासाठी व्हॅक्युम क्लीनर कुठल्या प्रकारचा घ्यावा? त्याखाली ‘रोखठोक’ यांनी भलीमोठी पोस्ट लिहिली. आपल्याकडे गालिचे नसतात, फरशी असते. केरसुणी आणि ओलं फडकं पुरे. ज्यांनी घेतली त्यांची मशीनं माळ्यावर धूळ खात पडलीत. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ताईंचा प्रश्न तसाच राहिला. मला ते पटलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

फरशीपुरतं तुमचं बरोबर आहे. पण धूळ काय फक्त फरशीवर बसते? गादी, सोफ्याच्या फटी, पडदे, सरकत्या खिडक्यांच्या खाचा, पंख्याची पाती, पुस्तकांच्या कडा... तिथे केरसुणी फिरवली की धूळ उडते आणि थोड्या वेळाने परत तिथेच येऊन बसते. माझ्या मुलाला धुळीची ॲलर्जी आहे. जळमटं काढायच्या दिवशी त्याला शेजारी पाठवावं लागायचं आणि तरी रात्री इनहेलर लागायचाच. मशीन आल्यापासून त्या कामाची धास्ती गेली.

आता ताईंसाठी. खोक्यावरच्या वॉटला भुलू नका. वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं. ओढतं किती, ते किलोपास्कलमध्ये देतात, आणि तो आकडाही सहसा नळीचं तोंड बंद करून घेतलेला असतो, म्हणजे हवा वाहतच नसताना. त्यापेक्षा गाळणी बघा. एच १३ दर्जाची हेपा गाळणी असेल तर अतिबारीक कणांपैकी ९९.९५ टक्के अडतात. नुसतं ‘हेपासारखी’ लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. पुढून ओढलेली बारीक धूळ मागून खोलीत येते. चाकांवर फिरणारं, लांब नळीचं साधं मशीन घ्या. हातात धरायची छोटी मशीनं गाडीच्या सीटपुरती ठीक. आणि घरात दम्याचं कुणी असेल तर पिशवीवालं, म्हणजे धूळ आतल्या पिशवीत जमते ते घ्या. बिनपिशवीची टाकी डब्यात उपडी करताना जी धूळ तोंडावर येते, ती पाहिलेला माणूस पिशवीचे पैसे खुशीने देतो.

रोखठोक

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तरही घ्या.

मी हवेत बोलत नाही. आमच्याकडे मशीन होतं, पिशवीवालंच. दुसऱ्या वर्षी पिशव्या मिळेनाशा झाल्या. सेवा केंद्रात गेलो तर म्हणे हे मॉडेल बंद झालं, नवीन घ्या, जुन्याचे पाचशे वजा करू. मोटर ठणठणीत, नळी चांगली, आणि एका कागदी पिशवीपायी सगळं मशीन भंगारात! कंपनीचं नाव घेत नाही, कारण सगळ्या सारख्याच.

आता ॲलर्जी. गादीतले ते सूक्ष्म किडे धाग्यांना घट्ट धरून बसतात, जिवंत किडे मशीनने फारसे निघत नाहीत. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुतले की मरतात. दमट हवेत ते फोफावतात, म्हणून आपले आजी-आजोबा गाद्या गच्चीवर उन्हात टाकायचे. फुकटचा उपाय. तुमच्या मुलाला बरं वाटलं असेल, आनंद आहे, पण ते मशीनमुळे की बाकी पथ्यामुळे, हे तुम्हाला कसं कळलं?

खिडकीपाशी

चादरी गरम पाण्यात आम्हीही धुतो. पण उन्हाचा सल्ला देताना घर बघाल का? मी ठाण्यात राहते. जून ते सप्टेंबर ऊन कुठून आणू? सोसायटीची गच्ची कुलूपबंद असते. डबल बेडची फोमची गादी दोघांनी उचलली तरी लिफ्टमध्ये मावत नाही. कापसाच्या गाद्या होत्या, पिंजारी दारात येत होता, तेव्हा ते सगळं जमत होतं. आणि किडे निघत नसले तरी त्यांची विष्ठा आणि मेलेले अवशेष धुळीबरोबर ओढले जातात, ॲलर्जी त्यांचीच होते. डॉक्टरांनी गादीला चेनवालं कव्हर घालायला सांगितलं, तेही घातलंय.

राइनकाठ

जर्मनीतून लिहितोय. वॉटबद्दल खिडकीपाशी यांना पूर्ण अनुमोदन. युरोपीय संघाने २०१४ मध्ये १६०० वॉटची आणि २०१७ मध्ये ९०० वॉटची कमाल मर्यादा घातली. तेव्हा इथेही लोक ओरडले होते की आता घरं साफ कशी होणार. झाली. तोंडाची रचना आणि हवेचा मार्ग नीट असला की कमी विजेत काम होतं. भारतात अजून ‘२००० वॉट’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं दिसतं, वाईट वाटतं.

वायरमन

राइनकाठ साहेब, त्या ९०० वॉटच्या मशीनची किंमतही सांगा ना. ती चांगली मोटर अन् ते तोंड सहा हजारांत येत नाही. इथं स्वस्तातलं ८०० वॉटचं घेतलं तर सोफ्यावरचा चिवडापण उचलत नाही, मी दुरुस्तीला आलेली खोललीत. अन् युरोपातलं ते ऊर्जेचं लेबल २०१८ मध्ये कोर्टानंच रद्द केलं, कारण चाचणी रिकाम्या टाकीवर व्हायची. घरी काय रिकाम्या टाकीनं झाडता?

अकोल्यात उन्हाळ्यात कूलर लावला की दिवसभर खिडकीतून धूळ आत येते, तर मशीनची गरज आम्हाला आहेच, त्यात वाद नाही. पण घेण्याआधी भिंतीवरचं सॉकेट बघा. साधं ६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला १३८० वॉटपर्यंतच पेलते. १६०० चं मशीन त्यात कन्व्हर्टर लावून घुसवलं की सॉकेट काळं पडते. पॉवर पॉइंट असतो स्वयंपाकघरात अन् गिझरपाशी, बेडरूममध्ये नसतो. मग येते एक्स्टेंशन, तेही पातळ वायरचं. १००० ते १३०० च्या मधलं घ्या, हे माझं सांगणं.

आणखी एक. रंगकाम, पीओपी झाल्यावर ती पांढरी भुकटी घरच्या मशीननं ओढू नका. गाळणी बुजते, हवा थांबते, अन् त्या हवेनंच मोटर थंड राहत असते. दिवाळीच्या आधी माझ्याकडे येणारी जळकी मशीनं बहुतेक यातलीच.

तिसरा मजला

सगळे मशीनचं बोलताय, चालवणार कोण? आमच्या मावशींना चांगलं नवं मशीन दिलं, दाखवलं, समजावलं. हातच लावत नाहीत. ‘झाडूनेच करते’ म्हणतात. या लोकांना नवं काही शिकायचंच नसतं. पैसे मात्र दर वर्षी वाढवून हवेत.

पाटाकाठी

‘या लोकांना’?

माझी आई पंधरा घरची कामं करून आम्हाला वाढवत होती, म्हणून उत्तर देते. एका घरी असंच मशीन होतं. नळी जुनी, चिरलेली. एक दिवस तिच्या हातात असताना तुटली. बाईंनी महिन्याच्या पगारातून कापून घेतले. त्यानंतर आई कुणाच्या मशीनला, मिक्सरला, कशालाच हात लावायची नाही. तुमच्या मावशींना शिकायचं नाही हे तुम्ही ठरवलंत. मोडलं तर भरपाई मागणार नाही, असं त्यांना एकदा तरी सांगितलंत?

आणि वेळेचा हिशेब करा. त्यांचा पगार कामागणिक असतो, झाडू-फरशीचा वेगळा, भांड्यांचा वेगळा. पुढच्या घरी ठरलेल्या वेळेला पोचायचं असतं. मशीन काढा, वायर सोडा, खोलीखोलीत सॉकेट बदला, वर सोफा आणि गादीही त्यातच करा, आणि पैसे तेवढेच. गादी साफ करणं हे वेगळं काम आहे, त्याचे वेगळे पैसे द्या. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीच झाला. तुमच्या मजल्यावरच्या किती जणांनी आपल्या मावशींची नोंदणी झाली आहे का, हे विचारलंय?

तिसरा मजला

शब्द चुकीचा पडला असेल, पण तुम्ही मला त्या पगार कापणाऱ्या बाईंच्या पंगतीला बसवताय, हे चालणार नाही. मी आजवर कुणाचा रुपया कापलेला नाही. सणाला साडी, आजारपणात रजा, सगळं देतो. धागा व्हॅक्युम क्लीनरचा आहे.

पाटाकाठी

साडी नको, कामाचे पैसे द्या. आणि विषय तुम्हीच काढलात: चालवणार कोण.

जुनी जाणती

दोघांनी जरा थांबा. मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतोय. इतक्या पोस्टींत मशीन ‘मावशी चालवतील’ की ‘बायको चालवेल’ एवढाच प्रश्न! घरातले पुरुष दर रविवारी गाडी पुसतात ना? मग त्यांनी अर्धा तास गादी आणि पंखे करावेत. आमच्याकडे निवृत्तीनंतर हे काम यांनी घेतलं. केरसुणीला कधी हात न लावलेला माणूस मशीन मात्र आवडीने चालवतो. माझी कंबर आणि गुडघे वाकून झाडण्यात गेले, त्यामुळे ‘केरसुणी बस्स’ असं कुठल्या पुरुषाने लिहिलं की पहिला प्रश्न हा पडतो, की तुमच्या घरी ती कोण धरतं?

रोखठोक

मी धरतो. बायकोची पाठ दुखते म्हणून गेली बरीच वर्षं सकाळचं झाडणं माझ्याकडे आहे, लांब दांड्याच्या झाडूने. त्यामुळे तो प्रश्न मला लागू नाही.

जुनी जाणती

मग आनंद आहे, तुम्हाला सोडून बाकीच्यांना विचारला असं समजा. पण लांब दांड्याचा झाडू घेतलात ना? म्हणजे वाकायचा त्रास तुम्हालाही कळला.

राइनकाठ

मूळ मुद्द्याकडे यायचं तर आता रोबो...

पाटाकाठी

रोबो सहा हजारांत येतो का? आणि तो गादीवर चढतो का?

राइनकाठ

नाही, दोन्ही नाही. ठीक आहे, तो मुद्दा मागे घेतो.

मूळ प्रश्नकर्ती

माझ्या प्रश्नाचं एवढं होईल असं वाटलं नव्हतं. माझी माहिती देते. नाशिक, वन बीएचके, दोन मांजरी, सोफा कापडी. फरशी मीच झाडते-पुसते, ते मला जड नाही. सोफ्यावरचे केस आणि गादी यासाठीच हवंय. दुकानदार ओलं-सुकं दोन्ही ओढणारं घ्या म्हणतो, हजारभर जास्त. घेऊ का?

वायरमन

पाणी सांडलेलं ओढायचं काम घरात कितीदा पडते? पिंप मोठा, वजन जास्त, वन बीएचकेत ठेवायची पंचाईत. ओलं ओढल्यावर टाकी अन् नळी वाळवली नाही तर वास मारते. तुम्हाला नको ते. केसांसाठी सोबत छोटं ब्रशवालं तोंड येतं का बघा, ते नसेल तर सोफ्यावरचे मांजरीचे केस निघत नाहीत. रबरी हातमोजा ओला करून आधी फिरवा, अर्धे केस त्यातच गोळा होतात. मग मशीन.

खिडकीपाशी

वायरमन यांच्याशी सहमत. दुकानात चालू करून आवाज ऐका, मांजरी घाबरतात. नळी निदान दीड मीटर हवी, नाहीतर पंख्यापर्यंत पोचत नाही. विजेची काळजी नको, १३०० वॉटचं मशीन अर्धा तास चालवलं तरी युनिट पाऊणच्या आत.

रोखठोक

माझं मत तेच आहे: फरशीसाठी हे यंत्र नको, आणि निम्मी घरं ते विकत घेऊन विसरतात. पण कापडी सोफा आणि मांजरी म्हटल्यावर केरसुणीचा उपयोग नाही, हे मलाही दिसतं. घेणारच असाल तर एक करा. दुकानातून निघण्याआधी त्याच मॉडेलच्या जादा पिशव्या मागा. आत्ता दिल्या नाहीत तर पुढेही देणार नाहीत, ते मशीन सोडा. धुवून पुन्हा वापरायची कापडी पिशवी असेल तर ती आधी घ्या. मॉडेल क्रमांक बिलावर लिहून घ्या, आणि गाळणी सुटी मिळते का तेही तिथेच विचारा.