अनुभव धागा : उरुग्वेचे मास्तर तुम्हाला कुठे भेटले?

पेठेतला स्टॉपर (कोल्हापूर)

फुटबॉलचा वर्ल्डकप आला की आमच्याकडे गल्ल्यांची वाटणी होते. ही ब्राझीलची, ती अर्जेंटिनाची, चौकात कटआउट कुणाचं लावायचं यावरून दोन दिवस अबोला. 2010 ला आमच्या माडीवर उरुग्वेचा झेंडा होता. बाजारात मिळेना, म्हणून आईनं पांढऱ्या आणि निळ्या ब्लाउजपीसच्या पट्ट्या जोडून शिवून दिला. सूर्य हळदीनं रंगवला होता, तो पहिल्याच पावसात वाहून गेला. खालून जाणारे अर्जेंटिनाचाच समजून "भावा, नाद खुळा!" म्हणून हात दाखवायचे. मीही दाखवायचो. किती जणांना समजावणार?

मला उरुग्वे आवडायचं कारण त्यांचे कोच ऑस्कर ताबारेझ. एल माएस्त्रो, म्हणजे मास्तर. आमच्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 38 लाखांच्या वर. अख्खा उरुग्वे 35 लाखांच्या आत-बाहेर. एवढ्याशा देशाची टीम या माणसानं आधी 1988 ते 1990 आणि मग 2006 ते 2021 सांभाळली. चार वर्ल्डकप, दोनशेहून जास्त सामने. आमच्या तालमीचा कोच दोन मॅच हरला की तिसरीला टिकत नाही, मग याला पंधरा वर्षं कुणी आणि का दिली असतील, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तर मंडळी, मास्तर तुम्हाला कुठे भेटले ते लिहा. टीव्हीवर भेटले असतील तरी चालेल. टीकाही चालेल, शिव्या नकोत.

दूरदर्शन पिढी (सांगली)

आम्हाला ते 1990 च्या इटलीत भेटले, पण खरं सांगायचं तर आमचं लक्ष मॅराडोना आणि रॉजर मिलाकडे. उरुग्वे म्हणजे धसमुसळे, एवढीच ओळख होती. ती 1986 ची. स्कॉटलंडविरुद्ध पहिल्याच मिनिटाला त्यांच्या बातिस्ताला रेड कार्ड, आणि त्याआधी डेन्मार्ककडून 6-1. ते नाव धुऊन काढायचं काम ताबारेझकडे आलं. 90 ला कोरियाविरुद्ध शेवटच्या क्षणी गोल मिळून ते कसेबसे दुसऱ्या फेरीत गेले, आणि यजमान इटलीनं 2-0 नं घरी पाठवलं. गोल स्कीलाची आणि सेरेनाचे.

त्याआधीची एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो. 1987, कोपा लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा कप, त्याची फायनल. ताबारेझ उरुग्वेच्या पेन्यारोल क्लबचे कोच. कोलंबियाच्या अमेरिका द काली क्लबशी एक मॅच हरले, एक जिंकली, म्हणून तिसरी सांतियागोला. बरोबरी झाली असती तरी कप कालीचा. जादा वेळेचंही शेवटचं मिनिट आलं, आणि दिएगो आगिर्रेनं गोल मारला. मी हे कित्येक वर्षांनी यूट्यूबवर पाहिलं. निकाल ठाऊक होता, तरी खुर्चीतून उठलो. बायको म्हणाली, दूध उतू गेलं का?

मोंतेविदेओची सूनबाई (सध्या ठाणे)

नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे आम्ही 2009 ते 2011 मोंतेविदेओत राहिलो. फुटबॉलशी माझा काडीचा संबंध नव्हता. स्पॅनिश शिकताना शब्द आला, माएस्त्रो. मला वाटलं वाद्यवृंदाचे उस्ताद असतात तसं काहीतरी. खालच्या मजल्यावरच्या आजी हसल्या. म्हणाल्या, माएस्त्रो म्हणजे प्राथमिक शाळेतला शिक्षक. ताबारेझ खरोखरच शाळेत शिकवायचे, म्हणून ते नाव. तिथल्या सरकारी शाळेतली मुलं पांढरा झगा घालतात आणि गळ्याशी मोठा निळा बो बांधतात. सकाळी रस्ताभर ही पांढरी पिल्लं दिसायची. त्यांच्यापुढे खडू घेऊन उभा राहणारा माणूस पुढे इटलीतल्या मिलान क्लबचा कोच झाला, ही कल्पना मला त्या बोमुळेच पटली.

2010 च्या वर्ल्डकपमधली घानाची मॅच 2 जुलैला, तिथल्या दुपारी साडेतीनला. जुलै म्हणजे तिकडे ऐन थंडी. ऑफिसं, दुकानं, सगळं चिडीचूप. आजींनी मला घरात ओढून घेतलं. काखेत थर्मास, हातात माते, म्हणजे तिकडचा पाल्याचा कडवट चहा. एकच वाटी, एकच नळी, सगळ्यांत फिरते. पहिल्यांदा मला कससंच झालं, पण जादा वेळेपर्यंत मीही तीच ओढत होते. उरुग्वेच्या सुआरेझनं गोललाइनवर हातानं चेंडू अडवला आणि खोलीत कुणी श्वास घेईना. घानाच्या ग्याननं पेनल्टी क्रॉसबारवर मारली. मग टायब्रेकर. शेवटची किक घ्यायला अब्रेऊ आला आणि त्यानं चेंडू मधोमध असा अलगद उचलून टाकला, जसं कुणी टोपलीत लिंबू टाकावं. आजींनी वाटी खाली ठेवली आणि मला मिठी मारली. नंतर मध्यरात्रीपर्यंत 18 दे हुलिओ रस्त्यावर हॉर्न.

टीम चौथी आली, तरी तिला बघायला सगळं शहर थंडीत रस्त्यावर. मी विचारलं, चौथ्या नंबरचं एवढं कौतुक? आजी नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मास्तरांचं वाक्य तेव्हा तिथे सगळ्यांच्या तोंडी होतं : एल कामिनो एस ला रेकोम्पेन्सा. वाट हेच बक्षीस.

अंधेरी लोकल

माझी ओळख शिष्याकडून. उरुग्वेचा स्ट्रायकर फोर्लान 2016 ला मुंबई सिटीकडून खेळला, हे आता सांगितलं तर पोरं थाप समजतात. 19 नोव्हेंबरला केरला ब्लास्टर्सला 5-0 हरवलं, त्यात फोर्लानची हॅटट्रिक, आणि मी अंधेरीच्या स्टेडियममध्ये. नोटबंदीला अकरा दिवस झाले होते. वडापाववाला दोन हजारची नोट बघून हात जोडत होता. शेवटी शेजारच्या अनोळखी काकांनी उधार खिलवला. काका, हे वाचत असाल तर चाळीस रुपये द्यायचेत!

37 वर्षांचा माणूस, पळायचा कमी, पण चेंडू जिथे पडणार तिथे आधीच हजर. घरी येऊन 2010 चे सामने शोधून पाहिले. फ्रान्सशी पहिली मॅच 0-0. दुसरीपासून ताबारेझनी फोर्लानला मागे खेचलं, पुढे सुआरेझ आणि काव्हानी. दक्षिण आफ्रिकेला 3-0. फोर्लानचे स्पर्धेत पाच गोल आणि सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल. टीमच्या सगळ्यात मोठ्या स्ट्रायकरला सांगायचं की तू मागे ये, आणि त्यानं ते ऐकायचं, यात कोच दिसतो. पुढच्या वर्षी ब्वेनोस आयरेसला कोपा अमेरिकाच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये पॅराग्वेला 3-0, त्यातही फोर्लानचे दोन. पंधरावा कोपा. अर्जेंटिनाच्या घरी, अर्जेंटिनाचे चौदा मागे टाकून.

शिट्टीवाला (पुणे)

मी जरा उलटं लिहितो. 2014, इटलीविरुद्ध सुआरेझनं किएलिनीला चावलं. नऊ सामने आणि चार महिन्यांची बंदी. मास्तरांनी काय केलं? कोलंबियाशी मॅचच्या आधी पत्रकारांसमोर लांबलचक निवेदन वाचलं, शिक्षा अति आहे म्हणाले आणि फिफाच्या समितीतलं आपलं पद सोडलं. प्रश्न न घेता निघून गेले. लोकांनी वाहवा केली. मला ते खटकलं, अजून खटकतं. शिक्षा जास्त असेलही, पण मुलगा चावला होता, आणि तेही पहिल्यांदा नाही.

मला खटकतं याला कारण आहे. मी चौदा वर्षांखालच्या मुलांना शिकवायचो. आमच्या सगळ्यात चांगल्या पोरानं समोरच्याला डोकं मारलं, मी रेफ्रीशी भांडलो, "आधी त्यानं शिवी दिली" म्हणून. पालक खूश. पोरगा पुढच्या महिन्यात पुन्हा तेच करून बसला, आणि या वेळी समोरच्याचा दात गेला. त्या मुलाच्या आईपुढे मी उभा होतो, तेव्हा माझ्याजवळ एकही वाक्य नव्हतं. पाठीशी घालणं आणि पाठीशी उभं राहणं यातला फरक मला तिथे कळला. ताबारेझना तो माझ्यापेक्षा नक्कीच जास्त कळत असणार, म्हणूनच राग.

पेठेतला स्टॉपर

शिट्टीवाले दादा, मुद्दा मान्य. पण बंद खोलीत त्यांनी सुआरेझला काय सुनावलं हे आपल्याला कुठे माहीत? बाहेर एक, आत एक, असं आमचे वडीलही करायचे.

वॉकर नंबर 2 (नाशिक)

2017 अखेरीस माझ्या पायांतली शक्ती गेली. मज्जातंतूंचं दुखणं. चार महिने अंथरूण, मग वॉकर. पहिला वॉकर मी चिडून गॅलरीतून खाली टाकला, म्हणून नंबर 2.

15 जून 2018, संध्याकाळी साडेपाच, उरुग्वे-इजिप्त. मुलगा बघत होता, मी नुसता पडलेला. बेंचवर एक म्हातारा कुबडी घेऊन बसलेला दिसला. मुलगा म्हणाला, बाबा, हे कोच आहेत, त्यांनाही नसांचा आजार आहे. त्याआधी 2016 ला अमेरिकेतल्या कोपात ते बॅटरीच्या गाडीवरून सरावाला यायचे, हे त्यानंच सांगितलं. मी म्हटलं, मग घरी का बसत नाहीत? हे मी, ज्याला घरी बसून वेड लागायची पाळी आली होती!

89 व्या मिनिटाला उरुग्वेच्या हिमेनेझनं हेडरनं गोल मारला. कॅमेरा मास्तरांवर गेला. ते उठले. कुबडीवर भार टाकून, तोंड उघडं, मूठ आवळलेली. मी मात्र उठलो नाही, कृपया तशी गोष्ट करू नका. मी एवढंच पाहिलं की उठताना त्यांनी आधी डावा हात कुठे टेकवला. माझ्या फिजिओच्या बाई जे दोन महिने सांगत होत्या, तेच. दुसऱ्या दिवशी तसं करून पाहिलं.

मिलानप्रेमी (दादर)

कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. 1996 मध्ये मिलाननं कोच कपेलोंच्या जागी ताबारेझना आणलं आणि डिसेंबर उजाडतो न उजाडतो तोच काढलं. जुने कोच साकी परत. मी तेव्हा त्यांच्यावर हसणाऱ्यांत होतो. 2002 ला अर्जेंटिनाच्या बोका क्लबमधलं दुसरं पर्व संपल्यावर चार वर्षं त्यांच्याकडे कुठलीच टीम नव्हती. 2005 ला उरुग्वे सिडनीत पेनल्टीवर हरून वर्ल्डकपला मुकला, तेव्हा देशाला ते आठवले. 59 व्या वर्षी परत बोलावल्यावर त्यांनी पहिल्या मॅचची टीम नव्हे, आराखडा दिला. लहान वयोगटांपासून थोरल्या टीमपर्यंत एकच पद्धत, एकच छावणी, खेळाबरोबर शिक्षण आणि वागणूक. स्टॉपरभाऊ, तुमच्या कोड्याचं उत्तर बहुधा त्या कागदांत आहे.

निवृत्त मास्तर (राधानगरी)

नातीनं हा धागा वाचून दाखवला, तिच्याकडूनच लिहवून घेतोय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं होतो. फुटबॉल मला येत नव्हता, पोरांना येत होता. बुटांचे चारच जोड होते. कुणाच्या मापाचा कोणता, हे एका वहीत लिहून ठेवायचो. एक जोड तर एकाच मॅचमध्ये हाफ टाइमला पाय बदलायचा. तालुक्याला तिसरे आलो. पुढच्या जूनमध्ये माझी बदली. नवीन शाळेला मैदान नव्हतं, उतार होता. पोरं एका बाजूनं खेळताना दमायची, दुसऱ्या बाजूनं चेंडू ओढ्यात जायचा.

त्या उरुग्वेच्या गुरुजींना 2021 च्या नोव्हेंबरात काढलं. ब्राझीलकडून 4-1, अर्जेंटिनाकडून दोनदा हार, आणि शेवटी ला पाझच्या उंचीवर बोलिव्हियाकडून 3-0. नात म्हणाली, आजोबा, पंधरा वर्षांनी असं काढतात? मी म्हटलं, बदलीचा कागद असाच येतो, शाळा भरलेली असताना. नवा माणूस आला, उरलेल्या चारही मॅच जिंकून टीम कतारला गेली. तिथे पहिल्याच फेरीत बाहेर पडली, पण जाता जाता घानाला मात्र पुन्हा हरवलं.

ती बुटांची वही अजून माझ्याकडे आहे. त्यातला पाच नंबरचा जोड घालणारा पोरगा आता गारगोटीला मास्तर आहे. मागच्या दिवाळीला आला होता, वही मागत होता. अजून दिलेली नाही.